शीतगृहात वायूची नेमणूक जाहली त्याची हकीकत

श्रीसमुद्रदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, आश्विन मासी राज्यात मासळीचे शीतगृह जाहले, त्याचा वृत्तांत कोणाची भीड न धरिता, आणि म्हणोनच लिहिणाराचे नाव न घालिता, लिहिला ऐसाजे.

बंदरी धाकलूबाई नाखवीण म्हणोन कोळियांची पुढारीण होती. चाळीस होड्यांची सुरमई उन्हात नासते ऐसे तिने हुजुरांस विनविले आणि हुजुरांनी शीतगृह बांधविले, आणि भिंती जाहल्या, दरवाजा जाहला, दरवाजावर हुजुरांची तसबीर जाहली, मग कोणास स्मरले की आत थंडीही लागते. तेव्हा यंत्रांचे कारभारी इमामखान यांनी अर्ज केला की, "मासळीला शून्याखाली वीस अंश पाहिजेत, म्हणजे नळीतला वायू शून्याखाली तीसावर उकळला पाहिजे. अमोनिया तेहतीसावर उकळतो, तो घ्यावा. विषारी आहे, म्हणून यंत्रघर वस्तीपासून लांब ठेवू. पण गळला तर नाकाला आधी कळेल."

परंतु या राज्याचा रिवाज ऐसा की, दरबारी हजेरी दिल्यावाचून काहीही रुजू होत नाही. सबब अमोनियाची बाटली आणोन बूच सैल केले, तो हुजुरांचे डोळियांस धारा लागल्या आणि दिवाणजी पगडी टाकोन खिडकीबाहेर अर्धे लोंबले, आणि अमोनिया बेअदब ठरोन बाद जाहला. मग एकशे चौतीस नंबरचा वायू आणिला. त्यास वास नाही, रंग नाही, आणि तो कोणास काही कळू देत नाही, हा तर दरबारी मोठाच गुण. त्याजकडून हुजुरांचे कोकम सरबत गार करविले आणि हुजूर पिऊन बहुत संतोष पावले.

खानसाहेब म्हणाले, "हुजूर, हा सव्वीसावरच उकळतो. तीस मागितले तर नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी पडेल, फटीतून ओली हवा आत शिरेल आणि नळी बर्फानं तुंबेल."

दिवाणजी म्हणाले, "सरबत गार झालं की नाही?"

"झालं."

"मग सुरमई काय हुजुरांपेक्षा मोठी लागून गेली?"

येणेप्रमाणे शास्त्रार्थ संपला. चाळीस होड्यांचा माल आत गेला आणि अकरावे दिवशी नळी तुंबली आणि सगळी सुरमई सडली. धाकलूबाई उंबऱ्यावर बसोन रडली, ते पाहवत नव्हते. दिवाणजींनी चौकशी करोन निकाल दिला की, मासळीच उष्ण प्रकृतीची होती. मग धाकलूबाई उठली आणि चाळीस घरच्या बाया चाळीस टोपल्या घेऊन दरबारी शिरल्या आणि झाकणे काढिली.

हुजूर नाक दाबोन म्हणाले, "बाई, हे काय?"

"म्हाराज, तुमचे दरबारान हजेरी दिल्याबिगर कय रुजू व्हत नाय ना? ही आमची सुरमय. घ्या हजेरी."

हुजुरांचे डोळियांस पुन्हा धारा लागल्या आणि या खेपेस खिडकी दिवाणजींचे आधी हुजुरांनीच गाठिली, आणि लोंबत लोंबतच अमोनियाचे नेमणुकीवर शिक्का केला.

सारांश, अमोनिया कामावर रुजू जाहला, आणि त्याची पारख केल्याबद्दल दिवाणजींस शालजोडी मिळाली. एकशे चौतीस नंबरचा वायू अद्याप सरबताचे चाकरीत आहे, तेथे तो उत्तम. त्या दिवाळीस चाळीस घरी चूल थंड होती. तेवढी थंडी मात्र राज्याने कोणताही वायू न वापरिता केली.