हॅमस्टर व सोबतची एक व्यक्ती

विरार पूर्वेला, मनवेलपाड्यातील ‘नक्षत्रछाया’ सोसायटीत यंदाच्या उन्हाळ्यात एक हॅमस्टर राहायला आला. मुठीत मावेल एवढा, पिवळसर आणि गुबगुबीत. सातव्या मजल्यावरच्या उन्नतीने त्याचे नाव पेढा ठेवले. उन्नती चौथीत असली तरी पालक म्हणून जबाबदार होती. पिंजऱ्यात भुशाचा जाड थर, अंग घोळवायला बारीक वाळू, पळायला चाक, सगळे तिने वाचून-विचारून केले होते. अडचण एकच. हॅमस्टर दिवसा झोपतो, आणि सहाव्या मजल्यावर दिवसभर ड्रिल चालत असे.

या ड्रिलबद्दल उन्नतीची आजी, जयवंतीबाई, पूर्वीच तक्रार करून आली होती. आवाजाने तिचे डोके उठत असे.

“काकू, डोकेदुखी हा वैयक्तिक विषय आहे,” सेक्रेटरी सदानंद रोकडे म्हणाले होते. “संस्था त्यात पडत नाही.”

आता उन्नतीच्या आईने, स्वप्नाने, सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘दुपारच्या आवाजाने हा घाबरतो.’ चहा उकळेपर्यंत ड्रिल बंद झाले. सदानंदराव स्वतः वर येऊन पिंजऱ्यासमोर दिलगिरी व्यक्त करून गेले.

त्याला कारण होते. शेजारच्या सोसायटीच्या चेअरमननी जिन्यातल्या मांजरीला झाडू दाखवला होता. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो दूरवर पसरला. चेअरमनची सून त्यांच्याशी बोलेनाशी झाली. त्या दिवसापासून सदानंदराव मुंगीलाही वाट देत.

जयवंतीबाईंनी हे सगळे शांतपणे पाहिले. त्यांचा गुडघा दुखत असे आणि वीज गेली की लिफ्ट बंद. खाली जनरेटर होता, पण डिझेल वाचवण्यासाठी तो फक्त पॅसेजच्या दिव्यांना लावत. एकदा भाजीची पिशवी घेऊन त्या सात मजले चढल्या, तेव्हा सदानंदरावांनी खालूनच “सावकाश, काकू” एवढी मदत केली होती.

पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा जयवंतीबाई प्राण्यांच्या डॉक्टरकडून परतत होत्या. हातात जाळीच्या झाकणाची पेटी, तिच्यात पेढा.

“सदानंदराव, याला हिंदकळू द्यायचं नाही म्हणालेत. जिन्याने नेते मी, पण काही झालं तर...”

वाक्य पूर्ण होण्याआधी जनरेटर धडधडला. रविवारी कमिटीने एकमताने ठराव केला: वीज नसताना लिफ्ट ‘हॅमस्टर व सोबतची एक व्यक्ती’ यांच्यासाठी चालू ठेवण्यात येईल.

दुसऱ्याच दिवशी वीज गेली आणि पाचव्या मजल्यावरचे एडवर्ड मास्तर दारात उभे राहिले. निवृत्त शिक्षक, मूळचे उमेळ्याचे, नुकताच एक गुडघा बदललेला.

“जयवंतीबाई, मिसाला जायचंय. तुमचा उंदीर जरा मिळेल काय?”

“उंदीर नाही मास्तर, हॅमस्टर.”

“असू दे. लिफ्टला कुठे कळतंय!”

मास्तर पेढ्याला घेऊन चर्चला गेले आणि प्रसन्न होऊन परतले. मग रीघ लागली. चौथ्या मजल्यावरच्या हंसाबेनच्या नळाला पाणी चढत नव्हते. पेढा तिथे तासभर ‘पाहुणा’ म्हणून गेला आणि पंप दुरुस्त झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या दिपिकाच्या छताला ओल होती. ओल हॅमस्टरला बाधते, असे तिने सेक्रेटरींना कळवले आणि गवंडी आला. सोसायटीत इतकी कामे पूर्वी कधी झाली नव्हती. कमिटीचे सगळीकडे कौतुक झाले.

पेढ्याने मात्र खाणे सोडले. चाकावर चढेना, भुशात शिरेना, कोपऱ्यात डोळे अर्धवट मिटून बसे. उन्नती रडकुंडीला आली. डॉक्टर प्रिस्का मॅडमनी त्याला तळहातावर घेऊन पाहिले.

“आजार काही नाही,” त्या म्हणाल्या. “दिवसा झोपणाऱ्या जिवाला तुम्ही दिवसपाळीला लावलंय. काही दिवस पिंजऱ्याबाहेर काढू नका, एवढंच औषध.”

घरी आल्यावर उन्नतीने आजीकडे बघितले. “आजी, तुझा गुडघा दुखतो म्हणून मी बोलले नाही. पण तो खूप लहान आहे गं.”

जयवंतीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पेढ्याला पिंजऱ्यात ठेवले आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. “आजपासून हा कुठेही जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “शब्द देते.”

शब्द त्यांनी पाळला. त्यानंतर फक्त पेटी जाऊ लागली, वर नॅपकिन टाकून. लिफ्ट चालू होत राहिली, पंप चालू राहिला. वॉचमन पेटीसाठी फाटक उघडून अदबीने उभा राहायचा. नॅपकिन कोणी उचलला नाही. जिवाला उजेड लागू नये, याची सगळे काळजी घेत होते. इकडे पेढा पुन्हा गालात दाणे भरू लागला.

मे महिन्यात एका दुपारी वीज गेलेली असताना जयवंतीबाईंच्या दारात सदानंदराव उभे राहिले. जिने चढून घामाने निथळत होते.

“काकू, पेटी हवी होती. गावाहून आई आलीय. खाली खुर्चीत बसलीय. तिला दम्याचा त्रास आहे, चढवणार नाही.”

“अहो, सेक्रेटरी तुम्ही. जनरेटरची किल्ली तुमच्याच खिशात.”

“आहे ना. पण ठरावात आईचा उल्लेख नाही. उद्या लोक म्हणतील, सेक्रेटरीने स्वतःच्या माणसांसाठी डिझेल जाळलं.”

जयवंतीबाईंनी पेटी आणून दिली. सदानंदरावांना ती हलकी लागली. त्यांनी नॅपकिनचे टोक उचलले आणि आत पाहिले.

“यात कोणी नाही, काकू.”

“बरेच दिवस नाही.”

सदानंदरावांनी नॅपकिन पुन्हा नीट अंथरला, चारही टोके खोचली. मग दोन्ही हातांनी पेटी धरून, जराही हिंदकळू न देता, ते जिना उतरू लागले. थोड्या वेळाने खाली जनरेटर धडधडला.

पेढा आता ठणठणीत आहे. वाचकांना त्याचीच काळजी लागली असेल, म्हणून कळवले. सदानंदरावांच्या आईला पुढे बरे वाटले की नाही, याची चौकशी अद्याप कोणी केलेली नाही.