उत्तर नको, रीत दाखवा

एका जंगलात, बाळांनो, शाळा निघाली. जंगल कुठलं ते विचारू नका. शाळा अजून चालू आहे, उगाच माझ्यावर बालंट यायचं.

हेडमास्तर झाला रानबोका. चष्मा त्याच्याकडेच होता ना!

भागाबाई रानकोंबडीनं आपली पंधरा पिल्लं हौसेनं शाळेत घातली. पहिल्याच दुपारी न्यायला आली, तर अंगणात आठच!

तिनं मनातल्या मनात गणित केलं. पंधरातले पाच काढले, राहिले दहा. दहाचे आठ व्हायला आणखी दोन. पाच नि दोन सात.

"गुरुजी, माझी सात पोरं कुठायत?"

बोक्यानं मिशी पुसली. "सात कशावरून? रीत कोणती वापरलीत?"

"दहावर थांबायची."

"अहो, ती गेल्या वर्षीची! यंदा वरून उड्यांची रीत आलीय. जमिनीवर रेघ ओढा, पंधरावर उभ्या राहा, एकेक उडी मागे. तोंड त्या वारुळाकडे करा, लक्ष लागतं."

भागाबाईला शाळेचा भारी धाक. तिनं नखानं रेघ ओढली, आकडे घातले, वारुळाकडे बघत उड्या मारल्या. चौदा, तेरा, बारा... दम लागला बिचारीला. आठावर टेकली.

"सात उड्या! सातच, गुरुजी!"

"वळून बघा. अंगणात सहा आहेत. म्हणजे उत्तर नऊ. चुकलात!"

वळली. खरंच सहा! नि गुरुजींच्या मिशीला पीस. त्यांच्या पाठीमागच्या ढोलीवर पाटी होती, 'कच्च्या मुलांचा जादा तास'. आतून चिवचिवाट.

भागाबाई गोड आवाजात म्हणाली, "गुरुजी, एक तोंडी गणित घालू? दोन डोळ्यांतून एक गेला तर?"

"आधी रीत..."

तिनं चोचीनं रीत दाखवली. बोका बोंबलत पळाला.

ढोलीत पोरं दाटीवाटीनं बसली होती. रविवारच्या बेतासाठी राखलेली! तिनं ती बाहेर काढली. अंगणातल्या सहांत चार मिळवली, दहा झाली. वर पाच. पंधरा! मग सगळ्यांना घेऊन जी बांबूच्या बेटात घुसली, ती शाळेकडे फिरकली नाही.

शाळेच्या वहीत शेरा पडला : 'पालक अडाणी. गणित कच्चं.'

आणि बोका? त्याला बढती मिळाली. आता तो जंगलभरच्या मास्तरांना रीती शिकवतो. एकाच डोळ्यानं बघतो, त्यामुळे किती पोरं आली ते दिसतं, किती गेली ते दिसत नाही.

तात्पर्य : बाळांनो, गणितात उत्तरापेक्षा रीत मोठी. कुणी विचारली तर बेलाशक दाखवावी. फक्त आधी विचारणाऱ्याच्या ढोलीत डोकावून यावं.