चौसष्ट पाळणे आणि एक बाण

हनुमंताने लॅपटॉप हातात घेतला तो थेट तेलबदलीच्या तयारीने. नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला दुसरी तयारी सुचत नाही. मशीन कुरकुरलं की जुनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत काढायचं, टाकी कोरडी पुसायची आणि मग नवं भरायचं. इंदुरीच्या घरातला लॅपटॉपही कुरकुरत होता. बटण दाबून यशोधरा चहा करायची, प्यायची, कप विसळून परत यायची, तरी तो आपला 'कृपया थांबा' म्हणत असायचा. यशोधरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिला थांबायची सवय होती. हनुमंताला मात्र निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चालू मिक्सर दोनदा उघडून झाला होता.

नव्या तेलाचं नाव लिनक्स, म्हणजे लॅपटॉप चालवणारी दुसरी सिस्टीम. ते सुचवलं तळेगावच्या दिगंबर भाऊंनी. हे त्याच कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. तेव्हापासून लोक ज्या उत्साहानं तुळशीचं रोप देतात त्या उत्साहानं ते भेटेल त्याला लिनक्सचा पेनड्राइव्ह द्यायचे.

"हनुमंतराव, फुकट आहे म्हणून नका घेऊ, मोकळं आहे म्हणून घ्या," ते म्हणाले. "कुणीही घ्यावं, हवं तसं बदलावं, चार जणांना वाटावं. जुन्या लॅपटॉपला तर संजीवनी! फक्त तीन गोष्टी पाळा. आधी सगळ्या फायली बाहेर काढून ठेवा. त्या दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. आणि पहिले आठ दिवस लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवा. मराठी नीट टाइप होतंय का, प्रिंटर लागतोय का, सगळं बघा. मगच आत बसवा."

"व्हय, व्हय," हनुमंत म्हणाला. कारखान्यात सुरक्षा सप्ताहाच्या भाषणालाही तो अशीच मान हलवायचा.

लॅपटॉपमध्ये जपण्यासारखी गोष्ट एकच होती, पण ती लाखमोलाची होती. हनुमंताची आई चिमाबाई. वय ऐंशीच्या पुढे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण पंचक्रोशीत कुणाचं बारसं निघालं की विहारात पाळण्याची दोरी आधी चिमाबाईंच्या हातात जायची आणि त्या उभ्या उभ्या नवा पाळणा रचायच्या. बाळाचं नाव, आईचं माहेर, बाबासाहेबांची शिकवण, त्या वर्षीचा पाऊस, सगळं त्यात यायचं. मात्र "तो पाळणा पुन्हा म्हणा" म्हटलं की त्या कोऱ्या. तांदूळ निवडताना, भाकरी थापताना कधीतरी जुना पाळणा आपोआप ओठांवर यायचा, तेव्हा यशोधरा धावत जाऊन तो टाइप करायची. तीन वर्षांत असे चौसष्ट जमले होते. विहाराच्या महिला मंडळानं त्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं आणि सोमवारी फाईल तळेगावच्या छापखान्यात द्यायची होती. चिमाबाईंनी तर सुनेकडून पाटीवर स्वतःचं नाव गिरवून घेतलं होतं, पुस्तक हातात आलं की कव्हरावरचं नाव कुणी न दाखवता ओळखता यावं म्हणून.

गुरुवारी यशोधरा शाळेत गेली आणि हनुमंत कामाला लागला. पडद्यावर 'आईचे पाळणे' असं चित्र होतं. ते त्यानं उचललं आणि मोकळ्या पेनड्राइव्हवर टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत कॉपी झाली. सात वर्षांत त्या लॅपटॉपनं पहिल्यांदाच एखादं काम झटक्यात केलं होतं. इथं कुणालाही संशय आला असता. हनुमंताला कौतुक वाटलं.

पुढे लिनक्सनं अदबीनं विचारलं, जुन्या सिस्टीमच्या शेजारी बसू, की सगळं पुसून बसू? जुन्या तेलात नवं तेल मिसळणाऱ्याला हनुमंतानं आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. त्यानं 'सगळं पुसून'वर बोट ठेवलं. खात्री आहे का, असं यंत्रानं पुन्हा विचारलं. तीस वर्षांच्या अनुभवाला हा प्रश्न! त्यानं जरा रागानंच 'हो' दाबलं.

यशोधरा घरी आली तेव्हा लॅपटॉप मिनिटाच्या आत सुरू झाला. "बघितलंस? आता च्या ठेवायला बी सवड न्हाई!" हनुमंत छाती काढून म्हणाला. मग त्यानं पेनड्राइव्ह लावला, पाळण्यांच्या चित्रावर क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. यशोधरा आत हातपाय धुवायला गेली ती संधी साधून तो फोन घेऊन अंगणात आला.

"भाऊ, फाईल उघडंना."

"चित्राच्या कोपऱ्यात वाकडा बाण आहे का?"

"हाय की. छान दिसतोय."

पलीकडे भाऊंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"हनुमंतराव, तो शॉर्टकट. म्हणजे घरावरची पाटी. तुम्ही पाटी काढून जपून ठेवलीत आणि घर पाडलंत. आता त्याला हात लावू नका. जितकं वापराल तितकं आतलं उरलंसुरलं पुसलं जाईल. बंद करा, मी आलो."

दिगंबर भाऊ स्कूटरवरून अर्ध्या तासात आले आणि पुसलेल्या डिस्कमधून फायली शोधणारा दुसरा पेनड्राइव्ह लावून बसले. दोन तासांत सहाशे अकरा फोटो परत मिळाले. मुलगी मानसी हिच्या लग्नातल्या पंगती मिळाल्या, विकून टाकलेला फ्रिज चारही बाजूंनी मिळाला. पाळणे मिळाले नाहीत. नेमक्या त्याच जागेवर नवी सिस्टीम ऐसपैस बसली होती.

"वायनी, भाऊ मशीनची साफसफाई करत्यात," हनुमंतानं बायकोला सांगितलं. घाबरल्यामुळे तो स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणाला हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तिच्या आलं.

तेवढ्यात चिमाबाईंनी ओसरीवरून विचारलं, "हनुमंता, माझ्या पुस्तकावर फोटू कंचा घालत्यात रं? डोईवर पदर असलेला घाल." हनुमंतानं घाईघाईनं मान डोलावली. यंत्र बिघडलं तर दुरुस्त करता येतं, आईचं तोंड पडलं तर कुठला पाना लावायचा?

शुक्रवारी सकाळी त्यानं मोटरसायकल काढली. पाळणे ज्यांच्या बारशात झाले, त्यांच्याकडे काही ना काही असेलच, असा त्याचा हिशेब. नवलाख उंबऱ्यात कोमलच्या घरी तिच्या बारशाचा पाळणा चक्क फ्रेम करून भिंतीवर लावलेला. तिकोणा पेठेत प्रितमच्या आजीकडे, म्हणजे शालन मावशीकडे, जुन्या वहीत सात निघाले. प्रश्न फक्त कारण सांगण्याचा होता.

"पाळणे कशापायी गोळा करतोस रं?" शालन मावशीनं विचारलं.

खरं सांगावं तर बातमी आपल्या आधी घरी पोचणार. "हाय जरा घरात काम," हनुमंत पुटपुटला आणि खाली बघितलं.

खाली बघणारा बाप पाळणे गोळा करतो याचा अर्थ मावळात एकच निघतो. तो हेल्मेट घालेपर्यंत शालन मावशीनं तो अर्थ काढला आणि कोमलला फोन लावला.

शनिवारी संध्याकाळी तो वाटेत दिगंबर भाऊंकडे टेकला. त्यांच्या पत्नी इंदिराबाईंनी सगळी कहाणी ऐकली, कपाटातून डायरी काढली आणि चष्मा लावून वाचायला सुरुवात केली:

"इंद्रायणीच्या घाटावरती पाणी वाहतं झुळूझुळू,
बाळ शिकंल, आईला शिकवंल, पाटी धरंल हळूहळू..."

"हा आमच्या आयचा!" हनुमंत ओरडला. "प्रितमच्या बारशाचा!"

"हो, शालनबाईंकडून घेतला. प्रितम काढून आमच्या नातवाचं, वरदचं, नाव घातलं. शेवटचं कडवं मी जोडलं. मग आमच्या भिशीतल्या प्रेरणानं नेला, तिनं आणखी दोन जोडली. असे खूप आहेत. थांबा, ग्रुपवर टाकते." त्यांनी तिथंच मोबाईल उघडला.

दिगंबर भाऊ खुर्चीत सरळ बसले. "अगं, कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं... हे तर मी दोन वर्षं घसा फोडून सांगतोय!"

"तुम्ही सांगत होतात," इंदिराबाई म्हणाल्या, "आम्ही करत होतो."

हनुमंताला तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. रविवारी सकाळी यशोधरेला शांतपणे सगळं सांगायचं असं ठरवून तो घरी गेला. पण रविवारी आठ वाजताच अंगणात रिक्षा थांबली. शालन मावशी, कोमल आणि आणखी तिघी उतरल्या. हातात नारळ, खणाची पिशवी आणि डब्यात आंबट चिंचेचं सार.

"कितवा म्हैना?" शालन मावशीनं आल्या आल्या विचारलं.

"कुणाचा?" यशोधरा म्हणाली.

"आता लपवतीस व्हय? मानसीचा! त्याबिगर का तुझा नवरा गावोगाव पाळणे मागत फिरतोय?"

चिमाबाई काठी टेकत बाहेर आल्या. "माझ्या नातीला दिवस गेल्यात आन् मला सांगितलं न्हाई कुणी?" आता पळवाट नव्हती. हनुमंत आईसमोर खालीच बसला आणि तेलापासून बाणापर्यंत आणि बाणापासून इंदिराबाईंच्या डायरीपर्यंत सगळं भडाभडा बोलून गेला.

यशोधरेनं त्याच्याकडे असं बघितलं की मिक्सरसुद्धा आपणहून दुरुस्त झाला असता. "तीन वर्षं, अहो," ती म्हणाली. "तीन वर्षं."

चिमाबाईंनी आलेल्या बायकांवर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "ह्या समद्याजणींनी माझं पाळणं नेलं, त्यात नावं बदलली, कडवी जोडली?"

"चुकलं असंल तर माफी करा, मावशी," कोमल म्हणाली.

"माफी कशाची? एकाच घरात ठिवलं त्ये गेलं. वाटलं त्ये ऱ्हायलं. वाच बघू समदं."

दिवसभर वाचन चाललं. इंदिराबाईंच्या ग्रुपवरून फोटो येत होते, आवाज येत होते. दिगंबर भाऊंनी स्कूटरवरून येऊन लिनक्सवर मराठी कीबोर्ड लावून दिला आणि यशोधरा त्यातल्या लिब्रे ऑफिस या लिहायच्या प्रोग्राममध्ये टाइप करत राहिली. ते फुकटचं प्रकरण इतकं सुरळीत चाललं की तिला राग टिकवणं जड जाऊ लागलं. मध्येच चिमाबाई हात वर करायच्या. "ह्ये कडवं माझं न्हाई. पर माझ्यापरीस बरं हाय. ऱ्हाऊ दे. खाली तिचं नाव लिव." इंदिराबाईंचं नाव आलं, प्रेरणाचं आलं, कधी न पाहिलेल्या बायकांची आली. चौसष्टांतले अकरा काही सापडले नाहीत. पण नवे सव्वीस आले आणि बेरीज एकोणऐंशीवर गेली. दिगंबर भाऊंनी फाईल तीन ठिकाणी ठेवली आणि तिन्ही ठिकाणी उघडून दाखवली. या वेळी हनुमंतानं खरोखर ऐकलं आणि वहीत लिहूनही घेतलं.

संध्याकाळी बायका नारळ परत न्यायला तयार होईनात. "ओटीला आणलेला नारळ माघारी नेत न्हाईत," शालन मावशी म्हणाली. आता मानसीला काय सांगायचं, म्हणून यशोधरेनं जरा ओशाळूनच फोन लावला. "मानसी, अगं एक गंमत झाली. तुला दिवस गेलेत अशी बातमी..."

"आई!" पलीकडून किंकाळीच आली. "तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही परवाच डॉक्टरकडे जाऊन आलो. तीन महिने होईपर्यंत कुणालाच सांगायचं नव्हतं!"

यशोधरेनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तिकोणा पेठेला कळलंय गं. आमच्याही आधी."

अंगणात एकच कल्ला झाला. शालन मावशी तर हे आपणच घडवून आणल्यासारखी मिरवू लागली. चिमाबाई मात्र ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आणि हात हवेत अलगद दोरी ओढत होता.

हनुमंत लॅपटॉप घेऊन धावला. "आई, म्हण, म्हण! मी लिवतो."

चिमाबाईंनी एक डोळा उघडला, आधी लेकाकडे आणि मग पडद्याकडे बघितलं.

"आदी त्यो कोपरा दाव," त्या म्हणाल्या. "बाण न्हाई ना? मंग लिव."