सावेकाका शर्यतीत पळतात

शर्यत ऐन रंगात असताना मध्येच थांबून, जोडे काढून नमस्कार करणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. तो माझा शेजारी आहे.

सावेकाका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले आणि पळायला लागले. आमच्याकडे दरवर्षी चिंचणीहून वरोरमार्गे डहाणूपर्यंत वारसा दौड असते. वाटेत जुनी देवळं, वीरगळ, शेवटी डहाणूचा किल्ला. जमलेले पैसे लकवा झालेल्यांच्या उपचारांना जातात. या जागा आल्या की लोक सेल्फी काढतात, काका जोडे काढतात. नाडी सोडायची, हात जोडायचे, पुन्हा नाडी बांधायची. घाई करा म्हटलं की एकच उत्तर, "पूर्वज बघतायत!"

पूर्वज बघत असतील हो, पण आयोजक कुठे थांबतात? नऊ वाजले की शेवटची कमान उतरते आणि मेडलं खोक्यात जातात. काका पोचतात तेव्हा मांडववाला टेम्पोत बांबू चढवत असतो.

यंदा मात्र काका हट्टाला पेटले होते. काकू, म्हणजे आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई, लकव्याने अंथरुणाला खिळल्या आहेत. "तिला शब्द दिलाय. मेडल तिच्याच गळ्यात घालणार," काका म्हणाले.

"मग यंदा जोडे काढू नका."

"हॅ! ते कसं जमेल?"

म्हणून त्यांना हाकायला मीही सोबत पळालो. माझं पोट बघता हा त्याग लहान नव्हता.

किल्ल्याच्या दाराशी घात झाला. काकांनी शिस्तीत जोडे काढले. मागून उंबरगावची गुजराती मंडळी आली. "काका, अहीं जोडा काढवाना छे?"

"काढवाना ज!" काका ठणकावून म्हणाले.

झालं! त्यांनी काढले, ते बघून मागच्यांनी काढले, आणि किल्ल्यापुढे लग्नाच्या हॉलबाहेर असतो तसा बुटांचा ढीग पडला. सगळे यंदा दौडीतच वाटलेले, एकसारखे, नवेकोरे. एक डॉक्टरीणबाई दोन्ही डावे बूट घालून तशाच पळत सुटल्या. उंबरगावचा एक आडदांड गडी एका पायात बूट, एका पायात कुणाची तरी चप्पल घालून "मारो बूट! मारो बूट!" करत आपला बूट शोधत फिरत होता. काकांचे तपकिरी कॅनव्हासचे जोडे मात्र लांबूनही ओळखू येत होते. त्यांनी ते चढवले आणि जन्मात पहिल्यांदा घोळक्याच्या पुढे निघाले.

कमान दिसायला लागली. वेळही होता. मी धापा टाकत ओरडलो, "काका, मेडल मिळालंच म्हणून समजा!"

शेवटच्या वळणावर काकांचं घर आहे. खिडकीशी काकूंची खाट. काका थबकले, त्यांनी खिडकीचे गज धरले. "अगं, ऐक तर खरं, काय गंमत झाली!"

काकू आधी नुसत्या बघत होत्या. मग त्यांच्या वाकड्या झालेल्या ओठांतून फिस्सकन हसू फुटलं. त्या आजारी पडल्यापासून मी ते ऐकलंच नव्हतं. हसता हसता त्यांनी चांगला हात उचलून कमानीकडे दाखवलं. "जा... मे...डल."

"जातो गं. आधी डॉक्टरीणबाई कशा पळाल्या ते बघ."

तिकडे माइकवर वेळ संपल्याचं सांगत होते. काकू पुन्हा हसल्या, अगदी गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि घामाने निथळणारे काका, दोन्ही पाय डावे करून, खिडकीसमोर इकडून तिकडे पळत होते.