पहिल्या अंकातलं मरण

लेलेमास्तरांच्या नाटकांत मी चार वर्षांत चार वेळा मेलो आणि चारही वेळा पहिल्या अंकात. आठवीत बाण लागून, नववीत नासकी बासुंदी खाऊन, दहावीत बुरुजावरून पडून. अकरावीतल्या मरणाचं पुढे येईलच.

आमची शाळा खाडीच्या अल्याड, गावात. आम्ही कोळ्यांची सात पोरं पल्याडची. आगरदांड्याच्या वरच्या अंगाला खाडी अरुंद होते, तिथे गोमातात्याची होडी चालायची. ओहोटी पुरती लागली की ती गाळात बसायची आणि मग सकाळपर्यंत राम राम. लेलेमास्तर भूगोल शिकवत आणि दरवर्षी संमेलनाचं नाटक बसवत. तालमी शाळा सुटल्यावर. म्हणून त्यांनी नियमच केला होता, पल्याडचा मुलगा पहिल्या अंकातच मेला पाहिजे. तो लवकर सुटतो आणि होडी गाठतो.

नाटकात कुणी मरत नसेल तर मास्तर स्वतः मारत. नववीतलं नाटक सामाजिक होतं. त्यात एक मेजवानी होती आणि आम्ही सात पाहुणे. मास्तरांनी बासुंदी नासकी ठरवली आणि सातही जणांना एकाच प्रवेशात आडवं केलं. पुढच्याच प्रवेशात नायिकेचं लग्न. पुढे बसलेल्या माझ्या आईने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सात मढी परलीत, नि ही बया शालू काय नेसते?"

"वेळेवर मरणं हीच कला," असं मास्तर म्हणत. मरताना कुणी रेंगाळला, छातीवर हात ठेवून पदरचं एखादं वाक्य म्हणू लागला, की विंगेतून खडूचा तुकडा येई. "मर आणि पळ! पाणी थांबणार आहे का तुझ्यासाठी?" नाटकाच्या वहीशेजारी त्यांचं पंचांग उघडं असे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला ते आमच्याच बापांकडून शिकले होते आणि ती विद्या आम्हालाच शिकवत.

दुसरं वेड आवाजाचं. होडी पल्याड लागली की प्रत्येकाने काठावर उभं राहून आपलं मरतानाचं वाक्य ओरडायचं. मास्तर तालीम अर्धी टाकून अल्याडच्या धक्क्यावर कंदील घेऊन उभे. "ज्याचा आवाज खाडी ओलांडेल, तोच नट!" सात आरोळ्या झाल्या की ते कंदील वरखाली करत, उरलेली तालीम आटपत आणि मग आपल्या एका खोलीच्या घरी जात. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. रोज तिन्हीसांजेला आमचं मरण ऐकून पल्याडच्या बायका मात्र मास्तरांच्या नावाने बोटं मोडत.

आता राजा कोण होई ते सांगतो. अल्याडचा. देशाला स्वातंत्र्य मिळालं, खोतीही गेली, पण सिंहासनावर खोताचा नातूच बसे. बसल्या बसल्या नाक खाजवे. त्याचे सगळे संवाद मला पाठ होते. होडीत वल्हं मारताना मी ते म्हणत असे. गोमातात्या म्हणे, "राजा शोभतंस खरा, पन वल्हा सोरू नको."

अकरावीत मी मास्तरांना गाठलं. शाळेतलं शेवटचं वर्ष, आता नाही तर कधीच नाही.

"मास्तर, अष्टमीला सहाची भरती. अष्टमी ते एकादशी होडी दिवेलागणीनंतरही चालते. तिसऱ्या अंकाची तालीम तेव्हा घ्या आणि मला राजा करा."

त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं. "अंधार पडतो रे."

"आम्ही कोळी आहोत, मास्तर."

"किसन, पहिल्या अंकात मर आणि घरी जा."

कोळ्याच्या पोराच्या डोक्यावर मुकुट नको, एवढाच अर्थ मी काढला. तो अगदीच चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. शाळेच्या कमिटीपुढे मास्तरांची मान कधी वर झालेली मी पाहिली नाही.

त्या संध्याकाळी मी सूड घेतला. द्वितीया होती, पाणी उतरत होतं. पल्याड पोचल्यावर सहा जण ओरडले, मी तोंड मिटून उभा राहिलो. पलीकडून हाक आली, "किसन!" मग पुन्हा, "किसन, वाक्य!" बाकीच्यांना गप्प राहायला दटावून मी घराकडे वळलो. म्हटलं, ओरडू दे म्हाताऱ्याला. फार बरं वाटत होतं.

सकाळी होडीत गोमातात्याने मला वल्ह्याला हात लावू दिला नाही.

"काल मास्तर गाळान उतरला व्हता. कमरंपावत रुतला, तुझा नाव घेऊन वरडत व्हता. पोर घरा गेलाय म्हनून मी कवरा वरडलो, पन तवर वारा फिरला व्हता. मंग होरी नेली, तवा वर काढला."

"एका वाक्यासाठी?"

"कसला वाक्य रं? तो पोरा मोजतं. सात झाली का घरा जातं. चार वरसा झाली, तुला कललाच न्हाय?"

नाही कळलं. वर्गात पहिला येणाऱ्या मला नाही कळलं.

गाळातल्या गारठ्याने मास्तरांना ताप भरला आणि तो छातीत उतरला. मी त्यांच्या दारापर्यंत गेलो, आतला खोकला ऐकला आणि परत फिरलो. एवढी हिंमत माझी, आणि मला राजा व्हायचं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांचा भाऊ आला आणि त्यांना रेवसच्या लाँचने मुंबईला घेऊन गेला. ते परत आले नाहीत.

नाटक ठरल्या दिवशी झालं. ड्रॉइंगच्या मास्तरांनी ते कसंबसं उभं केलं. खोताचा नातू राजा, मी त्याचा जखमी दूत. पहिल्या अंकात मेलो, अगदी वेळेवर. खडू आला नाही. पडदा पडताच उठलो, पळालो, होडी गाठली.

पल्याड उतरून आम्ही सातही जण काठावर उभे राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. सहा जण ओरडले. मग मी घसा फाटेस्तोवर ओरडलो, "महाराज, निरोप पोचवला, आता निघतो!"

अल्याडच्या धक्क्यावर कंदील नव्हता.

गोमातात्या होडी बांधता बांधता माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोचला आवाज. चल घरा."

मी पुन्हा ओरडलो.