शेजारचा ब्रेक

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बाईंनी त्याच्या चार कोपऱ्यांवर साखरेचा डबा, चष्म्याचं घर, किसणी आणि मास्तरांच्या खोकल्याची बाटली ठेवली, तेव्हाच मास्तरांनी आपली खुर्ची जरा मागे सरकवली. नकाशा नुसता बघायचा असता, तर त्याला एवढी वजनं लागली नसती.

"हं, सांगा," बाई म्हणाल्या. "आधी किल्ला, की आधी दगडी पूल?"

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. त्यांनी अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलं होतं, आणि त्यामुळे उरलेलं अर्धं शहर रस्ता ओलांडताना पळायला शिकलं होतं. बाईंनी उभ्या जन्मात चाकाला हात लावला नव्हता, तरी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणे. 'सवड मिळाली की तुला गाडीतून हिंडवून आणीन, मनाला येईल तिथे थांबू,' असं मास्तरांनी लग्न झाल्या झाल्या कबूल केलं होतं. सवड मिळत नव्हती तोवर हे वचन अगदी सुरक्षित होतं. पण गेल्या वर्षी मास्तरांनी स्कूल बंद केलं आणि सवड थेट घरातच येऊन बसली.

अडचण एवढीच होती की मास्तरांना गाडी चालवायची भीती वाटत होती.

येत नव्हती असं नाही. परवाना होता, तरुणपणी चालवलीही होती. पण शिकवायला लागल्यापासून ते कायम शेजारच्या सीटवर. तिथे त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक बसवलेला होता. शिकाऊ माणूस भांबावला की मास्तरांनी तो दाबायचा. घरच्या कामालाही चाकावर कोणी ना कोणी विद्यार्थी असायचाच. लेकीच्या जन्माच्या वेळी बाईंना इस्पितळात पोचवलं ते एका शिकाऊ न्हाव्याने, आणि त्या धांदलीत त्याला तिसरा गिअर आयुष्यात पहिल्यांदा सापडला. इतकी वर्षं मास्तर स्वतः चाकामागे बसलेच नाहीत, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'तुम्ही जरा पाण्यात उतरून दाखवा' असं कोण म्हणतो?

स्कूल मिटलं तेव्हा मेकॅनिकने तो जादा ब्रेक काढून नेला. त्यानंतर एका सकाळी मास्तरांनी गुपचूप प्रयत्न केला. चाकामागे बसले, गाडी सुरू केली, सवयीने शेजारच्या सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती. त्यांनी गाडी बंद केली आणि काहीतरी करायचं म्हणून फडक्याने समोरची काच पुसली.

"जाऊन आलात?" बाईंनी आतून विचारलं.

"काच पुसली," मास्तर म्हणाले.

मग ते रोजच पुसू लागले. त्या गाडीइतकी स्वच्छ काच अख्ख्या शहरात दुसरी नव्हती.

आता नकाशावर बोट ठेवून बाई उत्तराची वाट बघत होत्या.

"पूल अरुंद आहे," मास्तर म्हणाले.

"मग ती पायऱ्यांची विहीर. जुनी आहे म्हणतात, आत कमानी आहेत."

"विहिरीकडे जायला उजवीकडे वळावं लागतं."

"मग वळा की!"

"उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर जायचं. सुटीत कशाला कोणाशी वैर?"

"बरं बाई. तुम्हीच काढा रस्ता."

मास्तरांनी पेन्सिल घेतली. चढ टाळले, पूल टाळले, ट्रकवाले जेवायला थांबतात ती गावं टाळली, आणि उजवीकडची वळणं तर वाळीतच टाकली. रेघ डावीकडे गेली, डावीकडे गेली, पुन्हा डावीकडे गेली आणि सरळ स्वतःच्या दारात येऊन उभी राहिली.

बाईंनी चष्मा वर करून ती रेघ निरखली. "अहो, ही सहल आहे, की कोपऱ्यावरून पाव आणायचाय?"

"वाटेत सूर्यफुलांचं एक शेत आहे."

"ते शेत नाही, नर्सरी आहे. कुंड्या विकतात तिथे." बाईंनी पेन्सिल त्यांच्या हातून काढून घेतली. "हे बघा, बाकीचं राहू दे. पण किल्ल्यावर मला जायचंच आहे. इतकी वर्षं भांडी विसळताना खिडकीतून तो डोंगर बघतेय. एकदा तिथे उभं राहून आपली खिडकी बघायची आहे. बस."

बाईंनी आजवर मागितलेल्या गोष्टी फार नव्हत्या. आणि ज्या मागितल्या, त्या 'बस' म्हणून मागितल्या की मास्तरांना नाही म्हणता यायचं नाही. आत्ताही आलं नाही. म्हणून ते बोलून गेले, "घाट खचलाय."

"कधी?"

"परवा. मोठा तुकडा गेलाय. वर जाता येत नाही."

नेमके त्याच क्षणी वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर्तमानपत्र मागायला दारात उभे होते. डॉक्टर मास्तरांचे जुने विद्यार्थी. परीक्षेत इतक्यांदा नापास झालेले की परीक्षकाच्या दाढा त्यांच्याकडूनच बसवून झाल्या, तेव्हा कुठे परवाना मिळाला.

"घाट खचला? अरे बापरे!" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही म्हणता म्हणजे प्रश्नच मिटला!"

रस्त्यांच्या बाबतीत मास्तरांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. डॉक्टरांनी ती बातमी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. तोंड उघडं असलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही, त्यामुळे बातमीची शहानिशा कोणी केली नाही. किल्ल्यावर जाणारी बस पायथ्यापासूनच परत फिरू लागली, तिचा ड्रायव्हर मास्तरांच्याच हाताखालचा. एका कुटुंबाने साखरपुडा डोंगरावरून हलवून सभागृहात नेला, आणि मुलाकडच्या काकांनी मुद्दाम फोन करून मास्तरांचे आभार मानले. फोन बाईंनीच घेतला.

"तुमच्यामुळे केवढा अनर्थ टळला!" बाई जरा जास्तच कौतुकाने म्हणाल्या.

मास्तरांना जेवण जाईना. शेवटी डॉक्टरांना तरी खरं सांगून टाकावं म्हणून ते वर गेले. पण दवाखान्यात बसायला जागा एकच होती आणि तीत बसलं की डॉक्टरांचे हात आपोआप चालू लागत.

"आ करा. हं, काय म्हणत होतात?"

"आआ ईई आआए," मास्तर म्हणाले. म्हणजे, मला भीती वाटते.

"वाटणारच!" डॉक्टर म्हणाले. "मला नव्हती का वाटत तुमच्या शेजारी? भिऊ नका. हात माझा आहे." आणि त्यांनी मास्तरांची एक धडधाकट दाढ घासून साफ करून दिली.

दोन महिने गेले आणि रस्तेखात्याचे साहेब घरी आले. हेही विद्यार्थीच. आत येऊन त्यांनी मास्तरांपुढे मान खाली घातली.

"मास्तर, माफ करा. सगळा घाट पायी तुडवला. खचलेला भाग काही सापडला नाही."

मास्तरांनी बाईंकडे बघायचं टाळलं. बाईंनी मास्तरांकडे बघायचं टाळलं नाही.

"पण तुमच्या नजरेला जे दिसतं ते आमच्या यंत्राला कुठून दिसणार?" साहेब पुढे म्हणाले. "म्हणून मी सगळाच घाट नव्याने बांधून काढला. कठडे नवे, डांबर नवं, वळणावळणावर आरसे. आता डोळे मिटून जा तुम्ही! पहिला मान तुमचा. शनिवारी सकाळी आम्ही सगळे निरोपाला येतो."

साहेब गेले. आत जाऊन बाईंनी कपाटावरची बॅग काढली आणि झटकली. ती बॅग झटकण्यात जे होतं, ते बोलण्यात मावलं नसतं.

शनिवारी सकाळी दारात ही गर्दी! साहेब, डॉक्टर, तो न्हावी, बसचा ड्रायव्हर, झालंच तर परीक्षकही, नव्या दाढांसकट. मान म्हणून डॉक्टरांनी गाडी फाटकातून बाहेर काढून दिली, आणि फाटकाचा थोडा रंगही सोबत दिला. बाई नवी चप्पल घालून, बॅग घेऊन पायरीवर उभ्या होत्या.

मास्तर आले. सगळ्यांना हात केला. ताठ चालत गेले, दार उघडलं, बसले, पट्टा लावला, काच खाली केली आणि शांत, भारदस्त आवाजात म्हणाले, "आरसा बघा. क्लच पूर्ण दाबा. घाई नाही. मी आहे."

चाकामागे कोणीच नव्हतं.

मास्तर शेजारच्या सीटवर बसले होते.

गर्दीला पहिल्यांदा वाटलं, विनोद आहे. न्हावी हसलाही. पण मास्तरांचा उजवा पाय जिथे ब्रेक नव्हता तिथे ठेवलेला होता आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा होत होता. बाईंनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे.

"अगं बाई, गॅस!" त्या ओरडल्या. "अहो, गॅस चालू राहिला वाटतं. चला बघू आत. मला ते बटण नीट फिरवता येत नाही."

ज्या बाईने त्या बटणाशी सगळा संसार केला होता, तिच्या मागोमाग मास्तर घरात गेले. गॅस बंदच होता. मास्तर त्याच्यासमोर उभे राहिले, चूक केलेल्या विद्यार्थ्यासारखे.

"घाट खचला नव्हता," ते म्हणाले.

"ते ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"खोटं बोललात की तुम्ही 'परवा' म्हणता. काहीही झालेलं असलं तरी परवाच झालेलं असतं." बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. काय होतंय ते सांगा."

मास्तर बसले. मग म्हणाले, "चालवणाऱ्याच्या शेजारी मी असतो. त्याचं चुकलं तर मी ब्रेक दाबतो. म्हणून तो चालवू शकतो." त्यांनी वर पाहिलं. "माझ्या शेजारी कोण आहे?"

"म्हणजे काय? मी!"

"तुझ्याकडे ब्रेक कुठाय?"

बाईंना हसू आवरेना. "अहो, लग्न झाल्यापासून तुम्हाला दुसरं कोण थांबवतंय?"

मास्तर विचारात पडले. सिगारेट आठवली. साबणाच्या धंद्यात भागीदारी करायला निघाले होते ते आठवलं. ते अंगाला घट्ट बसणारे पिवळे बुशशर्ट आठवले. खरंच, वेळच्या वेळी प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ब्रेक दाबलेला होता.

"शिवाय," बाई म्हणाल्या, "पुढच्या खोलीत तुम्ही वर्ग घेत होतात आणि मी इथे कणीक मळत होते. भिंत पातळ आहे. पोरं विसरली असतील, मी काही विसरलेले नाही. उठा."

बाहेर येऊन या वेळी मास्तर योग्य बाजूला गेले. बाई शेजारी बसल्या, पट्टा लावला.

"आरसा," बाई म्हणाल्या.

"बघितला."

"नुसता आरसा बघितला, की आरशात काय आहे तेही बघितलं?"

हे वाक्य मास्तरांचंच होतं. त्यांनी पुन्हा बघितलं. आरशात शहराचे सगळे ड्रायव्हर श्वास रोखून उभे होते. गाडी एकदा बंद पडली, एकदा सशासारखी उडी मारून पुढे गेली आणि मग निघाली. परीक्षकाने हळूच, पण मनापासून टाळ्या वाजवल्या.

शहर संपलं, शेतं लागली. मास्तरांना ती दिसली नाहीत. त्यांना फक्त रस्ता दिसत होता. बाई मात्र सांगत होत्या. "डावीकडे तळं आहे. तुम्ही बघू नका, मी बघतेय. बगळे आहेत. तुम्ही समोर बघा. आता उजवीकडे वळायचंय. वळा. बघा, वळलात! कोणाशी वैर झालं का?"

घाटाच्या सुरुवातीलाच, भर चढावर गाडी बंद पडली. मागून ट्रकने हॉर्नचा सपाटा लावला. मास्तरांनी शेजारी पाहिलं. बाईंनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "अहो दादा, जरा दम धरा! शिकाऊ आहेत!"

हॉर्न थांबला. मास्तरांनी इतक्या वर्षांत हे वाक्य हजारोंसाठी वापरलं होतं. त्यात किती ऊब असते, हे त्यांना आज कळलं. त्यांनी हँडब्रेक ओढला, क्लच सावकाश सोडला, आणि गाडी वर चढू लागली. नव्या डांबरावरून, नव्या कठड्यांच्या आतून, प्रत्येक आरशात स्वतःकडे जरासं अविश्वासाने बघत मास्तर किल्ल्याच्या दरवाजापर्यंत पोचले.

गाडी बंद करून ते उतरले, पलीकडे आले आणि मोठ्या झोकात बाईंच्या बाजूचं दार उघडलं. बाई उतरेनात.

"काय झालं?"

"पाय," बाई कळ दाबत म्हणाल्या. "उजवा. पोटरीत गोळा आलाय."

मास्तरांनी खाली पाहिलं. बाईंच्या पायाखालचं रबरी पायपुसणं चुरगळून पार कोपऱ्यात गेलं होतं आणि नव्या चपलेचा अंगठा तुटला होता. ते तिथेच गुडघ्यावर बसले, बाईंचा पाय मांडीवर घेतला आणि त्याचा अंगठा हळूच वर ओढून पोटरी चोळू लागले. त्यांचे हात सराईतपणे चालत होते.

"हा मास्तरकीचा आजार," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी मला रोज व्हायचा."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"मास्तरांनी बोलायचं नसतं."

बाईंनी मान वळवली. तटाच्या खाचेतून खाली शहर दिसत होतं, काड्यापेट्या सांडाव्यात तसं. त्यातली कुठलीही खिडकी आपली म्हणता आली असती. बाईंनी एक पसंत केली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मास्तर पोटरी चोळत होते. "अगं, पण तो ब्रेक मेकॅनिकने कधीच काढून नेलाय. किती वेळा दाबलास?"

"तुम्ही तुमचा दाबला नाहीत तितक्या वेळा," बाई म्हणाल्या.