तंजावरचे लिंगनराव

ज्यांचं स्वतःचं राज्य गेलेलं असतं, त्यांना दुसऱ्यांच्या राज्यकर्त्यांची चरित्रं फार लवकर पाठ होतात. ही निसर्गाने केलेली भरपाई होय.

१९९५ साली तंजावरच्या आम्हां मराठी मंडळींना अब्राहम लिंकन पाठ झाला. तेव्हा सरकारने देशाची दारं उघडली होती. ती आत येण्यासाठी आहेत असं दिल्लीचं मत होतं. बाहेर जाण्यासाठी आहेत असं तंजावरचं. भूगोलाचे निवृत्त शिक्षक भीमसेनराव यांची पुतणी हरिता हिला न्यूजर्सीत कॉम्प्युटरची नोकरी लागली. अडसर होता तो फक्त मद्रासला होणाऱ्या व्हिसाच्या मुलाखतीचा.

शेजारच्या पापनाशम गावच्या कृष्णाजीला व्हिसा मिळाला, त्या दिवशी त्याच्या खिशात लिंकनचं चित्र असलेलं टपालतिकीट होतं. यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला. (कृष्णाजीकडे अभियांत्रिकीची पदवीही होती, ती योगायोगात धरण्यात आली.)

भीमसेनरावांनी लिंकनचं चरित्र मराठीत लिहिलं. पण देवनागरी वाचणारे आमच्यात शेकडा तीन, आणि त्यांतल्या दोघांचे चष्मे हरवलेले. म्हणून त्यांनी ती मराठी तमिळ लिपीत उतरवली. तमिळमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर असल्याने अध्यक्षांचे लिंगन झाले. भीमसेनरावांच्या पत्नी हिराबाई यांनी पहिल्याच पानाला हात जोडले. बृहदीश्वराच्या, म्हणजे भल्यामोठ्या शिवलिंगाच्या गावात त्या नावावर अविश्वास दाखवणं कुणालाच जमलं नसतं.

रोज संध्याकाळी ओट्यावर भीमसेनराव उजळणी घेत.

"लिंकनची आई कशाने गेली?"

"विषारी पाला खाल्लेल्या गाईचं दूध पिऊन," हरिता सांगे.

"आणि निवडणुका?"

"हरले. पुन्हा उभे राहिले."

"शाबास. कापी घे," म्हणत ते कॉफीचा पेला पुढे करत.

मद्रासच्या अमेरिकन वकिलातीत खिडकीमागच्या बाईंनी कागद चाळले आणि सहज विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता?"

"मराठी."

"तंजावर तर तमिळ मुलूख ना? मग तुम्ही तिथे कुठून आलात?"

हरिता म्हणाली, "आम्ही तंजावरचेच."

"त्याआधी?"

त्याआधी काही असेल, हे हरिताला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "लिंकन केंटकीत जन्मले, लाकडी खोपटात." बाईंनी अतिशय सौजन्याने पासपोर्ट परत केला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली. व्हिसा नाकारल्याचं दुःख होतंच. पण एवढ्या साध्या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नाही, याची लाज त्याहून जास्त होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "काका, आपण कुठून आलो?"

जन्मभर भूगोल शिकवलेले भीमसेनराव म्हणाले, "ते तुझ्या काकूस ठाऊक."

"राजाबरोबर आलो," हिराबाई म्हणाल्या.

"कुठून?"

"तिकडून." त्यांनी दाखवलेली दिशा रामेश्वरची होती.

"काकू, तिकडे समुद्र आहे."

"मग नावेने आलो असू," हिराबाई म्हणाल्या, आणि डोसे उलटायला आत गेल्या.

आमच्या मराठी मंडळाची तातडीची सभा भरली. चुकीचा अध्यक्ष निवडला गेला, असा निष्कर्ष एकमताने निघाला. हरिताला वॉशिंग्टन पाठ करायला लावण्यात आलं. पुढच्या खेपेस खिडकीमागे दुसरे गृहस्थ होते. त्यांनी काहीही न विचारता शिक्का मारला. श्रेय अर्थातच वॉशिंग्टनला गेलं.

हरिता आता न्यूजर्सीत असते. तिथे कुणी मूळ गाव विचारलं की ती "मद्रासजवळ" म्हणते, आणि लोक समाधानाने मान डोलावतात.

तंजावरच्या मंडळींना मुळांचा पत्ता नाही, याचं महाराष्ट्रातल्या वाचकांना हसू येत असेल. येऊ द्या. लिंकनच्या वडिलांचं नाव थॉमस. ते सुतारकाम करत. आता आपल्या पणजोबांच्या वडिलांचं नाव सांगा.

सावकाश आठवा. आम्ही थांबतो.